आजोबा इटलीत होते म्हणतात, पण मेडलांमध्ये इटली नाही. कुणी सांगू शकेल का?

ट्रंकवाला_नातू

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव खेड तालुक्यात, रत्नागिरी जिल्हा. गणपतीला गेलो होतो तेव्हा माळा साफ करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, बेळगावला भरती झाले होते एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. १९८१ ला गेले, मी तेव्हा तीन वर्षांचा, त्यामुळे मला स्वतःला काहीच आठवत नाही. जे आहे ते वडलांकडून आणि आत्याकडून ऐकलेलं.

ट्रंकमध्ये निघालं ते असं: दोन चांदणीच्या आकाराची तांबूस मेडलं, एक गोल पांढरट मेडल, एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ, आणि लाल पुठ्ठ्याचं एक छोटं पुस्तक जे अर्धं वाळवीने खाल्लंय. पुस्तकात आजोबांचं नाव आणि पुढे '/५ मराठा' एवढं वाचता येतं, त्याच्या आधीचा आकडा २ आहे की ३ ते कळत नाही. एका चांदणीच्या फितीत गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन सारखे पट्टे. दुसरीची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध जाड लाल पट्टा आणि दोन बाजूंना बारीक निळ्या रेघा. गोल मेडलावर सिंह कशावर तरी उभा आहे.

आता गोंधळ असा आहे की आजोबा इटलीत होते असं घरात पक्कं समजतात. ते भाकरीला 'पाने' म्हणायचे. जेवायला बसले की 'पाने आण गं' आणि आजी मुद्दाम परसातून केळीचं पान कापून आणायची, हा आमच्या घरातला जुना विनोद. उद्याला 'दोमानी' म्हणायचे. मी फोनवर बघितलं, दोन्ही शब्द इटालियनच आहेत. पण इटलीत लढलेल्यांना इटली स्टार नावाचं मेडल मिळायचं असंही वाचलं आणि त्याची फीत लाल पांढरी हिरवी असते. ती आमच्याकडे नाहीच. हरवलं असेल का? की आजोबांनी घेतलंच नाही?

आणि एक, ते लढाईचं काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. १५ ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांना मेडल लावून बोलवायचे तर हे त्या दिवशी हटकून शेतावर जायचे. वडलांनी एकदा फार मागे लागून विचारलं, 'तिकडे काय केलंत तुम्ही?' तर म्हणाले, 'बसून खाल्लं.' एवढंच.

वडील आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांना एकदा कळावं असं वाटतंय.

फितीवाला

मी पंचवीसेक वर्षं मेडलं आणि फिती जमवतोय म्हणून थोडं सांगतो.

तीन सारख्या पट्ट्यांचा तो १९३९–४५ स्टार. वाळूच्या रंगाचा तो आफ्रिका स्टार, वाळू म्हणजे वाळवंट, लाल म्हणजे लष्कर, गडद निळा आरमार आणि फिकट निळा विमानदल. सिंहवालं वॉर मेडल, तो सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा आहे, नीट पुसून भिंगाखाली बघा. (पुसून म्हणजे सुक्या मऊ फडक्याने हं, चिंच किंवा पितांबरी लावू नका कृपा करून, लोक सगळा जुनेपणा घासून टाकतात.)

आता मुद्द्याचं. आफ्रिका स्टारच्या फितीवर '८ वी आर्मी' असं लिहिलेली छोटी आडवी पट्टी आहे का? नसेल तर ती फार कामाची खूण आहे. ती पट्टी २३ ऑक्टोबर १९४२ नंतर इंग्रजांच्या आठव्या आर्मीत असलेल्यांनाच मिळाली, म्हणजे इजिप्तमधल्या अल अलामेनच्या मोठ्या हल्ल्यापासून पुढे.

समजा पट्टी नाही. म्हणजे माणूस आफ्रिकेत होता, पण बहुतेक ऑक्टोबर ४२ च्या आधी तिथून हलला होता. पुढे इटालियन शब्द येतात पण इटली स्टार नाही. आणि पुस्तकात २/५ किंवा ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी किंवा तिसरी बटालियन.

मला वाटतं तो आकडा २ आहे. आणि आजोबा इटलीत होते हेही खरं आहे. पण लढायला नाही. कैदी म्हणून.

२/५ मराठा म्हणजे काळी पांचवी, ही पलटण जून १९४२ मध्ये लिबियात तोब्रुकला होती, ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये, बरोबर कॅमेरॉन हायलँडर्स आणि २/७ गुरखा. २० जूनला सकाळी जर्मन सेनापती रोमेलने नेमकं आग्नेयेच्या बाजूनेच घुसायचं ठरवलं आणि तिथे हेच होते. आधी विमानांनी बाँब टाकून टाकून खंदक भाजून काढले, मग रणगाडाविरोधी चर ओलांडून रणगाडे आत. पलटण तिथल्या तिथे चिरडली गेली म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, तोब्रुकच्या जनरलने शरणागती दिली आणि ३० हजारांच्या वर माणसं एका दमात कैद झाली. इंग्रज, दक्षिण आफ्रिकेचे, आपले, सगळे. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनला रूझवेल्टसमोर बसला होता, तिथे ही बातमी त्याच्या हातात पडली. रोमेल त्यावर फील्ड मार्शल झाला.

या कैद्यांमधले पुष्कळ जण समुद्रापार इटलीत नेले. आणि कैदेत काढलेला काळ इटली स्टारला धरत नाहीत. म्हणून मेडल हरवलेलं नाही, ते मिळालेलंच नव्हतं.

'बसून खाल्लं' याचा अर्थ आता लागतो का बघा.

ट्रंकवाला_नातू

सर काय बोलू. आताच पाहिलं, पट्टी नाही. आणि भिंग लावून पुस्तक बघितलं तर आकड्याची खालची आडवी रेघ दिसतेय, ३ ला ती तशी नसते, म्हणजे २ च.

वडलांना फोन केला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले 'तार आलेली होती.' हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय! आजोबा बेपत्ता आहेत अशी इंग्रजीत तार आलेली, वाडीत कुणाला वाचता येईना म्हणून पणजोबा ती घेऊन चालत खेडला गेले पोस्टमास्तरांकडे. ती तार आजी तांदळाच्या डब्यात ठेवायची. का तर उंदीर खाणार नाहीत म्हणून. तांदूळ खातात मग तार कशी खाणार नाहीत हे मी विचारलं नाही.

रोखठोक_७

सगळं छान आहे पण एक विचारू का, राग मानू नका. १९४२ ला इकडे चले जाव चालू होतं, साताऱ्याकडे ४३ पासून प्रतिसरकार चाललं होतं, लोक गोळ्या खात होते. आणि हे लोक इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांचं साम्राज्य वाचवायला लिबियात. शरण गेले ते बरंच झालं म्हणायचं. यात मेडलं मिरवण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही.

भीमेकाठचा

रोखठोक, ते मेडलं मिरवत नव्हतेच, वर लिहिलंय ना, १५ ऑगस्टला शेतावर जायचे. वाचत जा की जरा.

माझे आजोबा महार रेजिमेंटमधले. पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावलाच उभी राहिली, त्यानंतर काही महिन्यांनी ते भरती झाले. आता हे तुला इंग्रजांची चाकरी वाटेल. पण त्याआधी पन्नास वर्षं आमच्या लोकांना पलटणीत घेतच नव्हते हे माहिती आहे का? १८९० च्या दशकात भरती बंद केली, 'लढाऊ जात नाही' म्हणून. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण काढली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा मोडून टाकली. ४१ ला बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, तेव्हा कुठे हे दार उघडलं. माझ्या आजोबांच्या गावात त्यांना पाणवठ्यावर जाता येत नव्हतं आणि बेळगावला त्यांच्या हातात रायफल दिली, बूट दिले. ते म्हणायचे बूट घालून पहिल्यांदा गावात शिरलो तेव्हा चावडीवरचे बघत राहिले आणि मी मुद्दाम हळू चाललो.

तो माणूस साम्राज्य वाचवायला गेला होता असं मला तरी म्हणता येणार नाही बाबा.

रोखठोक_७

हे माहीत नव्हतं, मान्य. माझा प्रश्न सगळ्यांना लागू नाही. पण कोकणातल्या मराठा शिपायाचं काय, त्याला कुणी अडवलं होतं?

सुभेदार_रिटायर्ड

राम राम सगळ्यांना. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली, त्यातला आहे म्हणून लिहितो, टायपिंग नातीचं आहे.

रोखठोक साहेब, कोकणातल्या शिपायाला पोटाने पाठवलं. भात चार महिन्यांचं, जमीन खोताची. एक भाऊ मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, महिन्याची मनीऑर्डर आली की घरात चूल पेटणार, हा हिशोब होता. पहिल्या लढाईच्या वेळी शिपायाला महिना ११ रुपये होते आणि तेवढ्यासाठी मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराला १४७ दिवस वेढ्यात बसले आपले लोक, १०३, ११० आणि ११७ मराठा, घोडी कापून खायची वेळ आली होती तिथे. वाळव्याकडे माझ्या चुलत आजोबांच्या घरात एक भाऊ भूमिगतांना भाकऱ्या पोचवत होता आणि दुसरा त्याच साली पलटणीबरोबर इटलीत होता. दोघांचं कधी भांडण झाल्याचं ऐकलं नाही. आईला दोघांचीही काळजी.

आता नातवाला. बाळा, कैद होणं ही आजोबांची शरम नाही हे वडलांना सांग. शिपाई आपण होऊन हात वर करत नाही, वरून हुकूम येतो. आमच्या रेजिमेंटमध्ये इटलीचं नाव निघालं की दोन नावं घेतात, नाईक यशवंत घाडगे, तुमच्याच बाजूचे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै ४४ ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनची चौकी घेतली आणि तिथेच पडले, आणि शिपाई नामदेव जाधव, नगरचे, ९ एप्रिल ४५ सेनियो नदी. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. रास्त आहे. पण एका क्रॉसमागे हजारो असे की ज्यांनी फक्त खंदक खणला, पाणी वाहिलं, मार खाल्ला, कैद भोगली आणि घरी येऊन गप्प बसले. त्यांचं कुणी विचारत नाही, आणि ते पण सांगत नाहीत.

कागदाचं सांगतो. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिही, नंबर असेल तर नंबर घाल, नाव, वडलांचं नाव, गाव, तालुका, पलटण. आशा थोडी ठेव. ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम होता आणि लढाईपुरते भरती झालेल्यांना पेन्शन कुठून असणार, पंधरा वर्षं भरली नाहीत ना. पण लाँग रोल म्हणून मोठी वही असते त्यात एका ओळीची नोंद सापडू शकते. आजी हयात असत्या तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना मानधन असतं, ते त्यांना मिळत होतं का विचार. मिळत असेल तर तिथे फाईल असणार, त्यात नंबर सापडेल.

फितीवाला

सुभेदार साहेबांना सलाम. थोडी भर घालतो. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या दप्तरात युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत, घरच्यांना अर्ज करता येतो, वेळ लागतो पण. जे वारले त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची यादी आहे पण आजोबा परत आले त्यामुळे तिथे नसणार, आणि हे चांगलंच आहे.

इटलीत आपल्या लोकांच्या छावण्या वेगळ्या असायच्या, त्यातली एक अब्रुत्सोच्या डोंगरात अव्हेत्झानोला. थंडी भयंकर. रेडक्रॉसच्या हिंदी पार्सलात कणीक, डाळ, तूप, मसाला असायचा, त्यावर लोक जगले. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रं ठेवल्याचं जाहीर झालं आणि मग सगळी पळापळ. काही जण डोंगरात गेले, तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यात लपवलं, पाने दिला. बाकीच्यांना जर्मनांनी गाडीत कोंबून वर नेलं. त्यातले बरेच फ्रान्समध्ये एपिनालच्या छावणीत होते, ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी तिथे बाँब टाकले, भिंती पडल्या आणि आपले लोक निघाले पायी, स्वित्झर्लंडच्या दिशेने. पाचशेच्या आसपास माणसं सीमा ओलांडून पोचली. एवढी मोठी गोष्ट आणि आपल्याकडे कुणाला माहीत नाही.

ट्रंकमधलं घड्याळ कुठलं आहे हो? मागच्या झाकणावर काही?

ट्रंकवाला_नातू

स्विस मेड लिहिलंय!! आजोबा स्वित्झर्लंडला गेले असतील का??

सुभेदार_रिटायर्ड

बाळा सावकाश. त्या काळी निम्म्या जगाच्या मनगटावर स्विस घड्याळ होतं. माझ्याकडे पण होतं, मी बेळगावच्या बाजारात घेतलं.

रोखठोक_७

यात नेताजींचा संबंध नाही का? जर्मनीत आझाद हिंदची फौज याच कैद्यांमधून उभी केली ना?

फितीवाला

हो, आफ्रिकेत पकडलेल्यांमधूनच, जर्मनीत आनाबुर्गच्या छावणीत माणसं गोळा केली होती. पण जास्तीत जास्त तीन हजाराच्या आसपास गेले असतील. बाकी कैदीच राहिले. कोण गेलं, कोण नाही गेलं आणि का, हे आता ऐंशी वर्षांनी आपण खुर्चीत बसून ठरवू नये असं माझं मत. दोन्हीकडे जाणाऱ्याला घरी पत्र कधी पोचेल हे माहीत नव्हतं.

ट्रंकवाला_नातू

मंडळी, या शनिवारी परत गावी जाऊन आलो. फक्त त्या ट्रंकसाठी, बायको हसतेय.

तळाला जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, ते सोडवलं तर खाली एक कार्ड. छापील मजकूर इटालियन, 'प्रिजोनिएरी दी ग्वेर्रा' दिसतंय म्हणजे युद्धकैदीच. छावणीचा नंबर मात्र शिक्क्यात गेलाय. मागे हाताने लिहिलंय ते मोडी आहे असं वडील म्हणतात, त्यांना वाचता येत नाही, मला तर प्रश्नच नाही. फोटो टाकलाय. कुणी वाचू शकेल का? दोन जागी निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत.

मोडीवाली_ताई

मी मोडी शिकवते, प्रयत्न केलाय. निळी रेघ सेन्सॉरची असणार, तिथले चार-पाच शब्द गेले. बाकी असं आहे:

'तीर्थरूप बाबांचे सेवेसी साष्टांग नमस्कार वि. वि. मी खुशाल आहे, काळजी करू नये. तब्येत बरी. येथे थंडी फार. (खोडलेलं) पार्सल मिळते, त्यात कणीक असते. म्हैस व्याली किंवा कसे ते कळवावे. धाकट्याची शाळा सोडवू नये. कौल शाकारून घेतले असतील. आईस नमस्कार. (खोडलेलं) पत्राचे उत्तर सत्वर लिहावे.'

तारीख ११/४२ अशी वाटते.

एक गोष्ट सांगते, अक्षर सराईत कारकुनी हाताचं आहे, पण खालची सही दुसऱ्याच माणसाची आहे, बालबोध, एकेक अक्षर सुटं, दाबून काढलेलं. म्हणजे आजोबांनी सांगितलं आणि छावणीतल्या कुणीतरी लिहून दिलं. त्या काळी असं पुष्कळ चालायचं. बायकोचं नाव पत्रात नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, वडलांना लिहिलेल्या पत्रात तेव्हा कुणीच घालत नसे. 'आईस नमस्कार'च्या आधी एक काना जास्त लांबलाय, मला उगीच वाटलं तिथे हात थांबला असेल. पण ते माझं मन झालं, मोडी नाही.

भीमेकाठचा

ताई 🙏

जून ते नोव्हेंबर. म्हणजे पाच महिने घरी फक्त ती तार होती.

ट्रंकवाला_नातू

ताई, काय आभार मानू. वडलांना फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

धाकटा म्हणजे माझे काका आजोबा. त्यांची शाळा कार्ड यायच्या आधीच सुटली होती, ते मुंबईला गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. हे कार्ड त्यांनी बघितलं होतं का ते वडलांना माहीत नाही.

बेळगावला रजिस्टर पत्र टाकलंय, जिनिव्हाचा अर्ज भाचीकडून भरून घेतोय. काही आलं तर इथे लिहीन.

सुभेदार_रिटायर्ड

शाब्बास. आणि म्हशीचं काय झालं ते विचारलंस का? माझी नात मघापासून विचारतेय.

ट्रंकवाला_नातू

विचारलं 😄 व्याली होती, रेडा झाला. पणजोबांनी तसं उत्तर पण लिहून घेतलं होतं गुरुजींकडून. पण ते काही पोचलं नाही. आजोबा ४५ च्या शिमग्याला घरी आले, पालखी दारात होती, आणि बाहेरच्या बाहेर गोठ्यात जाऊन बघून आले म्हणे आधी.